निम्म्या मावशीच्या

“आणि आता कपड्यांना डागसुद्धा पडत नाहीत बघा,” शेळीवाल्यांची मुलगी म्हणाली. पिशवीतून पाण्याची बाटली काढता काढता, शेजारणीला घरातली एखादी किरकोळ चांगली बातमी सांगावी इतक्या सहज म्हणाली. हेडफोनच्या वायरीचा गुंता सोडवणारे कान तपासणाऱ्या ताईचे हात तिथेच थांबले. गुंता अजून सुटायचा राहिलाय अशा आविर्भावात ती वायरीकडेच बघत राहिली. मुलगी बोलतच होती. सुरुवातीला बनियनच्या काखा अशा नारिंगी व्हायच्या की कुणी रंगाचा डबा उपडा केलाय असं वाटावं. उशीचा अभ्रा, रुमाल, काही म्हणून सुटायचं नाही. साबण घासून घासून मनगटं भरून यायची. “आता कसं, पांढरं शुभ्र. म्हटलं, चला, उतरला एकदाचा रोग अंगातून.”

शेळीवाले खुर्चीत बसून दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होते. त्यांच्या कानावर यातलं काही गेलं नव्हतं. गेले काही महिने फारसं काही जातच नव्हतं. आधी ताप आला होता, संध्याकाळी चढणारा, पहाटे घामाने अंथरूण भिजवून उतरणारा. आठवडाभर छळून आठवडाभर गायब होणारा आणि आपण बरे झालो असं वाटू लागलं की पुन्हा दारात उभा राहणारा. मग कंबर धरली. मग एका सकाळी शेळ्यांचं ओरडणं एकाच बाजूने ऐकू यायला लागलं आणि पुढे त्याही बाजूने कमी झालं. कुणी म्हणालं वय, कुणी म्हणालं मळ, कुणी तेल घालायला सांगितलं. शेवटी इथे, या दवाखान्यात, कानाच्या डॉक्टरांनी बाकी काही विचारायच्या आधी विचारलं, “घरी जनावरं आहेत?” आणि रक्त तपासायला पाठवलं. ब्रुसेलोसिस. जनावरं गाभण राहतात आणि दिवस भरायच्या आत टाकतात, तो आजार. कच्च्या दुधातून, विताना पडणाऱ्या वारेतून, उघड्या हातांवरच्या ओरखड्यातून तो माणसात येतो, आणि शेळीवाल्यांच्या बाबतीत तो थेट कानाच्या नसांपर्यंत जाऊन बसला होता. डॉक्टरांनी दोन तऱ्हेच्या गोळ्या लिहून दिल्या, कित्येक महिने घ्यायच्या. त्यातल्या लाल कॅप्सूलने घाम, अश्रू, लघवी सगळं नारिंगी होतं, तेव्हा घाबरायचं नाही, उलट तो रंग म्हणजे औषध पोटात गेल्याची खूण समजायची, हेही त्यांनी मुलीला समजावून सांगितलं होतं. सांगितलं तेव्हा ताईही तिथेच उभी होती. कानांची तपासणी करणं हे तिचं काम. शेळीवाल्यांना तिने तेव्हा पहिल्यांदा काचेच्या खोलीत बसवलं होतं आणि आज दुसऱ्यांदा बसवायचं होतं.

“गोळ्या संपत आल्या असतील ना?” तिने मुलीला विचारलं. आवाज नेहमीसारखा निघाला याचं तिला बरं वाटलं.

“रिकामी पाकिटं दाखवतात मला. मी म्हणते, बाबा, मी काय तुमची मास्तरीण आहे? पण दाखवतात. मुलासारखे पुढे करतात.” मुलगी हसली. “रुमालाला तेवढा रंग असतो अजून. तोही इथं यायच्या दिवशीच. प्रवासात घाम येतो ना.”

तिने शेळीवाल्यांना हाताने खूण करून आत नेलं. ही खोली म्हणजे खोलीतली खोली होती: जाड दार, भिंतींना करड्या रंगाचा भोकाभोकांचा पत्रा, समोर दुहेरी काच. दार लावलं की शहर बाहेर राहायचं. रस्त्यावरचे हॉर्न, जिन्यावरच्या चपला, शेजारच्या खिडकीवरचं भांडण, सगळं जणू कुणी बोटाने पुसून टाकल्यासारखं. नोकरीला लागली तेव्हा तिला ही शांतता फार आवडायची. जेवणाच्या सुट्टीत ती इथे येऊन डबा खायची, पुस्तक वाचायची. वडील, अण्णा, गेल्यापासून मात्र ती आत जास्त वेळ थांबत नसे. इथे स्वतःच्या कानातलं रक्त वाहिलेलं ऐकू येतं, आणि ते ऐकायला लागलं की मग दुसरंही ऐकू येतं. शेळीवाल्यांच्या कानांवर हेडफोन बसवताना ती वाकली आणि तिला तो वास आला. वास फार नव्हता. स्वच्छ धुतलेल्या शर्टाच्या खालून, साबणाच्याही खालून, भिजून कुबटलेल्या पेंढ्यासारखा. अण्णांच्या अंथरुणाला तोच वास यायचा. “आवाज आला की बोट वर करायचं,” तिने ओठ ठळक हलवत सांगितलं आणि स्वतःचं बोट वर करून दाखवलं. “कितीही बारीक आला तरी.” शेळीवाल्यांनी मान डोलावली आणि शहाण्या मुलासारखे दोन्ही हात मांडीवर ठेवले. त्या हातांच्या नखांशी, चामडीच्या चिरांत, न निघणारा काळेपणा होता. हे हातही ओळखीचे होते.

अण्णांचे हात त्या सगळ्या भागात ओळखीचे होते. जनावर विताना अडलं की लोक अण्णांना बोलवायचे. गुरांचे डॉक्टर लांब राहायचे, आणि आले तरी ते कोपरापर्यंत रबरी मोजे चढवून यायचे. अण्णांना त्या मोज्यांचं मनापासून हसू यायचं. “आत काय दिसतंय का?” ते म्हणायचे, “आत हातानेच बघायचं असतं. उद्या मला डोळे बांधून वाचायला बसवशील आणि म्हणशील, वाचा अण्णा.” डॉक्टरांनी त्यांना मोज्यांची एक पेटी भेट दिली होती. अण्णांनी ती आदराने फळीवर ठेवली आणि आईने त्यातले मोजे बोटं कापून बरण्यांच्या तोंडांना बांधायला वापरले. अण्णा उघड्या हाताने आत जायचे, डोळे मिटून, गाल जनावराच्या पाठीला टेकवून, आणि आत काय आहे ते बाहेरच्यांना सांगायचे: पाय दुमडलाय; मान वळलीये; थांबा, श्वास घेऊ दे तिला. मग तेच हात बादलीत खंगाळून, पँटला पुसून, पुढच्या गोठ्यात. कुणी त्यांना रिकामं पाठवलं नाही, दुधाचा पेला तरी द्यायचेच, धारेचा, कोमट, फेसासकट. लहानपणी तीही त्यांच्याबरोबर जायची आणि तिलाही तो पेला मिळायचा. फेसाची मिशी उमटली की अण्णा म्हणायचे, “झालीस बघ सासरा.” या गोठ्यातून त्या गोठ्यात अण्णा आणखी काय नेत होते, ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. आता तिला ठाऊक आहे आणि ठाऊक असण्याचा काडीचा उपयोग नाही.

तिने मशीन सुरू केलं. उजवा कान, मधला सूर, मोठ्याने. काचेआड शेळीवाल्यांनी डोळे बारीक केले आणि बोट वर केलं. तिने आवाज एक पायरी खाली आणला. बोट वर. आणखी खाली. शेळीवाले समोर बघत बसून राहिले, चेहऱ्यावर ऐकण्याचा भाव तसाच, दार वाजल्यासारखं वाटून थांबलेल्या माणसासारखा. ती पुन्हा दोन पायऱ्या वर गेली. मागच्या खेपेपेक्षा या कानाला आवाज मोठा लागत होता. थोडासाच, पण मोठा. औषध लागू पडत असतं तर उलट व्हायला हवं होतं.

अण्णांची मावशी म्हणजे गाय. तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. अण्णांनी तिला आणली तेव्हा तिने गोठ्यात पाय ठेवून चारी बाजूंना अशी नजर टाकली की जणू आपल्याला बोलावून आपला अपमान केलाय, आणि अण्णा आईला म्हणाले, “अगं, ही तर तुझी बहीण.” आई चिडली. पण नाव पडलं ते पडलंच. खरी मावशी भेटायला आली तेव्हा हे तिच्या कानावर गेलं, ती फुरंगटली, मग गोठ्यात जाऊन गाय बघून आली आणि म्हणाली, “दिसायला बरी आहे माझ्यापेक्षा.” मावशीने पहिली दोन वेतं सुखरूप दिली. तिसऱ्या खेपेला ती अवेळी अडली. त्या आठवड्यात ती शहरातल्या नोकरीतून सुट्टी घेऊन घरी गेली होती, म्हणून तिने ते पाहिलं: अण्णांचा खांद्यापर्यंत आत गेलेला हात, त्यांचं मिटलेलं तोंड, आणि मग पेंढ्यावर आलेलं ते वासरू, केस नुकते उगवलेलं, पूर्ण, फक्त जिवंत नसलेलं. वार पडेना म्हणून अण्णा पुन्हा आत गेले. आईने विचारलं, “काय हो?” अण्णा म्हणाले, “काही नाही. घाई झाली तिला.”

गाय वासराशिवाय पान्हा सोडत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी अण्णा ओट्यावर बसले, त्यांनी वासराचं कातडं सोडवलं, त्यात पेंढा भरला आणि दाभणाने शिवून पेंढ्याचं वासरू केलं. शिवताना दाभण एकदा अंगठ्यात शिरलं. त्यांनी अंगठा तोंडात घातला आणि पुन्हा शिवायला लागले. डोळ्यांच्या जागी नुसत्या शिवणी होत्या, पाय काठीसारखे. तिला ते बघवेना, पण बघितल्याशिवाय राहवेना. संध्याकाळी अण्णांनी ते वासरू मावशीपुढे धरलं. मावशीने ते हुंगलं, थांबली, अण्णांकडे एकवार पाहिलं, आणि मग जिभेने सावकाश त्या शिवणी चाटायला लागली; खाली बादलीत धार वाजली. “फसली बिचारी,” ती म्हणाली. अण्णा पेंढ्याच्या वासराची मान हलकेच हलवत होते, जणू ते ढुशी देतंय. “फसत नाही ती,” ते म्हणाले, “तिला सगळं कळतं. ती आपली अडचण ओळखून तसं दाखवते.” त्यांना तसं खरंच वाटत होतं की तिची समजूत काढायला ते म्हणाले, हे तिने विचारलं नाही. त्यांना विचारता येईल असे खूप दिवस पुढे आहेत असं तेव्हा वाटत होतं. दुसऱ्या दिवशी ती शहरात परतली. फोनवर आई सांगायची: अण्णांना जरा कसकस आहे. अण्णा उन्हात स्वेटर घालून बसतात. अण्णांची कंबर. मग बरे आहेत. मग पुन्हा कसकस. अण्णा फोन हातात घेऊन म्हणायचे, “तुझी आई ना, मला शिंक आली तरी बातमी देते.”

डावा कान. तिने बटण दाबलं. काही नाही. वाढवलं. काही नाही. आणखी वाढवलं तेव्हा शेळीवाल्यांनी बोट वर केलं, पण खात्री नसलेलं, अर्धवट. शेजारी स्टुलावर बसलेली मुलगी काचेला नाक लावून बघत होती. “येतंय ना?” ती म्हणाली. “मागच्यापेक्षा बरं आहे ना?”

“बघू. अजून व्हायचंय.”

“घरी तर मला वाटतं, ऐकतात. मी हळूच म्हटलं, चहा ठेवते, तर लगेच उठून बसले. चहाचं बरं ऐकू येतं.” मुलीने स्वतःच्या कमरेला हात लावून पाठ ताणली. “शेळ्यांचं सगळं मीच करते आता. वाकून वाकून कंबर गेली. तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या माझ्या हातून नीट धारा काढू देत नाहीत. बाबा नुसते गोठ्यात उभे राहिले तरी शहाण्यासारख्या वागतात.”

“किती जणींनी टाकलं यंदा?”

प्रश्न तिच्या तोंडून गेला. मुलीने तिच्याकडे वळून पाहिलं, बारकाईने, पहिल्यांदाच. “तुमच्याकडे होती जनावरं?” मग उत्तराची वाट न बघता मान फिरवली. “टाकलं काहींनी. होतं कधीमधी. ते गुरांचे डॉक्टर येऊन रक्त घेऊन गेलेत सगळ्यांचं. बाबांनी त्या दिवसापासून नीट खाल्लं नाही. ते म्हणतात, माझ्या रक्ताने चुगली केली. मी म्हटलं, बाबा, असं कुठं असतं का.”

असं असतं. अण्णांना तिने बळेच शहरात आणून, याच दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दाखवून, रक्त तपासलं. निदान झालं तेव्हा तिला आनंद झाला होता. इतके दिवस ज्याला नाव नव्हतं त्याला नाव मिळालं, औषध मिळालं. अण्णांचा चेहरा मात्र उतरला. माणसाच्या रक्तात तो आजार सापडला की मागोमाग गोठा तपासतात, हे त्यांना तिथेच कळलं. गुरांचे डॉक्टर आले, त्यांनी सगळ्या गाईंचं रक्त नेलं. बाकीच्या निर्दोष निघाल्या. मावशीचं धड हो नाही, धड नाही नाही: शंकास्पद. तिला बाजूला बांधा, दूध काढून टाका, काही आठवड्यांनी पुन्हा तपासू, तेव्हा सापडलं तर गाडी येऊन कायमची घेऊन जाईल. अण्णांनी ते ऐकून घेतलं आणि डॉक्टरांना पाणी दिलं. मग लाल कॅप्सूल सुरू झाल्या, बनियन नारिंगी झाले, आई फोनवर तक्रार करायला लागली, आणि एकदा, कसल्याशा जुन्या गोष्टीची आठवण निघून अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं तर तेही नारिंगी आलं, आई म्हणाली, “नाटकातल्या राक्षसासारखे दिसत होते.” ताप गेला. अण्णा जेवायला लागले. मग एक दिवस आई म्हणाली, “आता बनियन पांढरे निघतात गं. डाग नाही की काही नाही. उतरलं वाटतं सगळं.” तेव्हा ती बस थांब्यावर उभी होती. तिने फोन ठेवला आणि त्या आनंदात समोरच्या दुकानातून स्वतःसाठी एक नवी चप्पल घेतली. घरी येऊन ती घालून खोलीत फिरूनही बघितलं. ते वाक्य तिने दिवसभर मनात घोळवलं होतं. पांढरे निघतात.

त्यात वाईट काय होतं ते कळायला मध्ये सगळं होऊन जावं लागलं: पुन्हा आलेला ताप, पायांची सूज, जिना चढताना तिसऱ्या पायरीवर थांबून भिंतीवरचा पंखा बघण्याचं सोंग करणारे अण्णा, आणि शेवटी हृदयाच्या झडपेवर जाऊन बसलेला तोच आजार. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसून आईने सांगितलं. अण्णांना इकडे आणल्यावर तिने गोठा झाडला, तर मावशीच्या गव्हाणीत, पेंढ्याच्या तळाशी लाल टोपणं सापडली, कॅप्सूलची, मण्यांसारखी. “मी विचारलं त्यांना काल. म्हणाले, निम्म्या मावशीच्या.” टोपणं काढून आतली पूड पिठाच्या गोळ्यात घालून द्यायचे. आजार दोघांना एकच, मग औषध एकाच्याच पोटात का. आणि आपल्याला तर आता बरं वाटतंय. डॉक्टर परत यायच्या आत तिचं रक्त निवळायला हवं. आधी निम्म्या, मग सगळ्याच. शहरात दाखवायला यायच्या आदल्या दिवशी तेवढ्या स्वतः घ्यायचे, म्हणजे लघवीला रंग यावा, डॉक्टरांचं समाधान व्हावं. “एवढ्या मोठ्या जनावराला त्या दोन गोळ्यांनी काय होणार होतं?” आई म्हणाली. “मला विचारायचं तरी.” तिचा आवाज रागाचा होता. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याने आपल्याला एका गायीपेक्षा परकं मानलं, असा तो राग होता, आणि तो तिने शेवटपर्यंत सोडला नाही. त्या रागाला धरूनच ती उभी राहिली असावी. आत अण्णा पलंगावर उशांना टेकून होते. त्यांनी एकदाच विचारलं, “मावशी?” आई म्हणाली, “रवंथ करतेय.” गाडी येऊन गेल्याला तेव्हा चार दिवस झाले होते. अण्णांनी आईकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि मान डोलावली, “करू दे,” म्हणाले.

नंतर लोक बसायला आले. अण्णांनी ज्यांच्या ज्यांच्या गोठ्यात हात घातला होता ते सगळे. अंगणात रांगेने बसले, अण्णांचे हात कसे हलके होते ते बोलले. त्यांतल्या काहींच्या गाईंनी त्या वर्षी टाकलं होतं. एकाच्या बायकोला दोनदा दिवस राहून दोनदा गेलं होतं. एक जण उन्हात स्वेटर घालून बसला होता. कुणी काही म्हणालं नाही आणि तिनेही काही म्हटलं नाही. पण चहा देताना तिला वाटत होतं की आपण त्या रांगेतून नुसते कप फिरवत नाही आहोत.

तिने मशीनचा आवाज बंद केला. “दोन मिनिटं,” मुलीला म्हणाली आणि उठून समोरच्या खोलीत डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर एका लहान मुलाच्या नाकातून वाटाणा काढून नुकते मोकळे झाले होते. तिने दारातच उभं राहून सांगितलं: शेळीवाले गोळ्या घेत नसावेत. शेळ्यांना देत असावेत. फक्त इथे यायच्या दिवशी घेतात.

डॉक्टरांनी चष्मा काढला. अण्णांचं त्यांना माहीत होतं. “असेल,” ते म्हणाले. “मी विचारलं होतं. घेतो म्हणाला.”

“दाखल करून घेतलं तर?”

“दाखल व्हा म्हटलं की उद्यापासून येणारच नाही. मागच्या महिन्यात एक गेला तसा. निदान हा येतो तरी आहे.” मग जरा थांबून, “मुलीला सांग. समोर बसून गिळायला लावायच्या, तोंड उघडून बघायचं. आणि मुलीचं रक्त घे आजच. कानाचं काय निघालं?”

“खाली गेलाय. दोन्ही बाजूंनी.”

“परत एकदा करून बघ,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी चष्मा पुन्हा घातला. तो पुन्हा घालण्याखेरीज त्यांच्याही हातात काही नाही, हे तिला दिसलं आणि त्यांचा राग येईना. राग येता तर बरं झालं असतं.

परत येऊन तिने मुलीला सांगितलं. शेजारी स्टूल ओढून, हळू आवाजात, सरळ: बाबा गोळ्या शेळ्यांना घालतायत. डाग पडत नाहीत ते त्यामुळे. मुलगी ऐकत होती. मध्येच तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, अविश्वासाचं, मग ते तिथेच राहिलं आणि त्याचं काय करावं ते तिला कळेना. “छे,” ती म्हणाली. “बाबा? शेळ्यांना? ताई, बाबांना तेवढं डोकं असतं तर.” थोड्या वेळाने म्हणाली, “पिठाचा डबा भराभर संपतोय म्हणून मी धाकट्या भावाला ओरडले.” मग आणखी थोड्या वेळाने, “मी समोर बसून घ्यायला लावली तर घेतील. पण मी धारांना बसते तेव्हा ते घरात एकटे. आणि मी घरात असते तेव्हा ते गोठ्यात. मी कुठं कुठं बसू?” तिने प्रश्न विचारला नव्हता, हिशेब मांडला होता. “त्या शेळ्यांना नेलं ना, ताई, तर बाबा तसेही जगायचे नाहीत. मग कशासाठी तोंड उघडून बघू?”

ताईने रक्त तपासणीचा कागद पुढे ओढला. ती म्हणाली, “तुमचंही रक्त तपासू आज,” आणि मुलगी म्हणाली, “माझं नको.” चटकन, हात मागे घेत. “माझं नको, ताई. मला काही नाही. आणि निघालं तर घरात दोन झाले.”

आत शेळीवाले बसून होते. हेडफोन कानांवर, हात मांडीवर. इतका वेळ त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही काही विचारलं नव्हतं. दोघी बोलताना ते काचेतून बघत होते; मुलीचा चेहरा, मग तिचा, मग मुलीचा. काय चाललंय ते त्यांना कळलं असावं. निदान तपासणीचा निकाल चांगला नाही एवढं तरी. त्यांनी पाठ सरळ केली. ती मशीनकडे वळली, कागद सरकवून घेतला, मान खाली घालून मागच्या खेपेचे आकडे शोधू लागली, आणि तेवढ्यात मुलगी म्हणाली, “ऐकू आलं.”

तिने वर पाहिलं. शेळीवाल्यांचं उजवं बोट वर होतं. सरळ, ठाम. मग खाली आलं. ते क्षणभर थांबले, मान किंचित तिरकी केली, लांबचं काही ऐकणाऱ्या माणसासारखी, आणि पुन्हा बोट वर केलं. या वेळी ते तिच्याकडे बघून हसलेही. बघा, येतंय की, आता सोडा, असं ते हसू होतं. मागच्या खेपेला सूर जितक्या अंतराने आले होते तितकं अंतर ठेवून, मन लावून, एकही न चुकवता ते बोट वर करत होते.

“येतंय त्यांना,” मुलगी म्हणाली आणि तिने ताईचं मनगट धरलं. “ताई, बघा ना. बारीक पण येतंय असणार. मला बाहेर येत नाही म्हणून. लिहा ना तुम्ही.” मुलीच्या तळव्याची ऊब जरा जास्तच होती, की आपलाच हात गार पडला होता, ते तिला ठरवता येईना. मशीनवर सूर गेला की लागणारा दिवा लागलेला नव्हता. तिचा दुसरा हात मांडीवर होता. काचेआड शेळीवाले डोळे मिटून पुढच्या सुराची वाट बघत होते, आणि तो आल्यासारखं त्यांचं बोट पुन्हा वर गेलं.